रगतवाल्या बाईंची कुजबुज

बाईंच्या पुढ्यात बसायचं तर आधी पेलाभर पाणी प्यावं लागे. पेशंट असो, पेशंटचा बाप असो की मुंबईहून तपासणीला आलेला खात्यातला साहेब असो. "पहिले पाणी पी, मंग बोल." एक साहेब म्हणाले, मी बाहेरचं पाणी पीत नाही. बाईंनी त्यांच्याच हातातल्या बाटलीकडे बोट दाखवलं, "मंग थे पी." बाटली रिकामी होईस्तोवर बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. नंतरच्या बैठकीत साहेब सारखी चुळबुळ करत होते आणि बाई मुद्दाम एकेक मुद्दा लांबवत होत्या, असा मला आजही संशय आहे.

बाई सिकलसेलच्या डॉक्टर. गोंदियाला आमचं युनिट होतं, तिथे मी समुपदेशक होतो. सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं फोडल्यासारखं दुखणं सुरू होतं. अंगातलं पाणी आटलं की हे हमखास होतं, म्हणून पाणी हे पहिलं औषध. पण पेशंटच्या एकट्याच्या हातात पेला दिला की तो सगळ्यांतून वेगळा पडतो, असं बाईंचं म्हणणं. तेव्हा सगळ्यांनीच प्यायचं. आमच्या युनिटच्या संडासाला कायम रांग असे.

दुसरा नियम, 'बिचारा' हा शब्द काढायचा नाही. एक नवीन नर्स एका पोराला बघून 'बिचारं' म्हणाली, तर बाईंनी तिला दिवसभर 'बिचारी सिस्टर' म्हणून हाक मारली. संध्याकाळी ती रडकुंडीला आली तेव्हा म्हणाल्या, "कसं वाटलं? त्याले जल्मभर वाटते."

मी तिरोड्याचा, म्हणून मला नाव न घेता 'तिरोड्या' म्हणत. तिरोड्याला विजेचा मोठा कारखाना आहे. गोंदियात लाइट गेली आणि रक्ताचा फ्रिज बंद पडला की बाई माझ्यावर डाफरत. "काऊन गा तिरोड्या, वीज तुमच्या गावात बनते, अन् अंधार आमाले?" जणू बटण मीच बंद करून आलो होतो.

आणि आवाज! बाईंचं माहेर केशोरीकडचं. पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्यांचं घराणं. वडील गावच्या तलावाचे पाणकर, म्हणजे कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, केव्हा पाणी सोडायचं हे ठरवणारे. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून ते ओरडत ते पार शेवटच्या शेताच्या धुऱ्यावरच्या माणसाला ऐकू जाई. तो आवाज बाईंना वारशाने मिळाला होता. साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून त्या शिबिराच्या गावात उतरल्या आणि कोणाला 'कशी आहेस वो?' म्हणाल्या, की शेजारच्या टोल्यावरची, पलीकडच्या वस्तीतली माणसंसुद्धा घराबाहेर निघायला लागत. गावोगाव त्यांचं नाव 'रगतवाली बाई'.

वडिलांकडून आवाजाबरोबर आणखी एक गोष्ट आली होती. त्यांच्या गावची रीत अशी की टंचाईच्या साली पहिलं पाणी शेवटच्या बांधीला. तलावाला लागून ज्याची शेती, त्याला झिरपूनही मिळतं. शेवटच्याला कोण विचारतो? म्हणून आधी तो भिजला पाहिजे. बाईंनी ही रीत औषधांपासून रजेपर्यंत सगळ्याला लावली. युनिटमध्ये पेढे आले तरी पहिला पेढा झाडूवालीला.

शिबिरातली रीत मात्र त्यांची स्वतःची. गावात जो कोणी लोकांचं रक्त घ्यायला येईल, त्याने आधी आपलं बोट गावासमोर टोचून घ्यायचं आणि निकाल मोठ्याने सांगायचा. पहिलं बोट बाईंचं. चाचणी साधी. रक्ताचा थेंब औषधाच्या नळीत टाकायचा, नळीमागे रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर साफ. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल आहे. पुढे तो नुसता वाहक की आजारी, हे मोठ्या तपासणीत कळतं. "लपवाल तं पोरं भोगतीन," बाई ओरडत. "यात लाजायचं काय? डोक्यावर केस किती आहेत हे लपवता का?" त्यांच्यामुळे गावागावांत लोक आपला निकाल सातबाऱ्यासारखा उघड सांगत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

युरोपातल्या एका विद्यापीठाशी आमचं काम जुळलं ते याच काळात. त्यांना आमच्याकडच्या सिकलसेलची जनुकं वाचायची होती. एकाच घरातली एक मुलगी दुखण्याने लोळते आणि दुसरी धानाच्या रोवण्याला जाते, असं का होतं, हे कळलं तर औषध नेमकं देता येईल. आफ्रिकेतले काही देशही त्यात होते. पहिल्या ऑनलाइन बैठकीत तिकडचे प्राध्यापक बोलायला लागले तसं बाईंनी त्यांना थांबवलं आणि इंग्रजीत सांगितलं, आधी सगळ्यांनी पाणी प्या. पडद्यावर आठ-दहा गोरी-काळी माणसं गंभीरपणे पाणी पिताना दिसली. एकाकडे पाणी नव्हतं, त्याने कॉफीचा मग उचलला. "थे चालत नाही," बाई म्हणाल्या. तो उठून पाणी घेऊन आला.

त्या चमूतली एक शास्त्रज्ञ पावसाळा संपता संपता आमच्याकडे आली. मूळची टांझानियाची, काम त्या विद्यापीठात. आम्ही तिला शिबिराच्या गावी नेलं. समाजमंदिरासमोर गाव जमलेलं. बाईंनी स्वतःचं बोट टोचलं, मग तिच्याकडे वळल्या. तिने हसत हात पुढे केला. नळीतलं पाणी गढूळ झालं, मागच्या रेघा पुसल्यासारख्या गेल्या.

"पाहुणीच्या रगतात सिकल आहे!" बाईंनी तलावापलीकडे ऐकू जाईल असं जाहीर केलं.

मग एक म्हातारी उठली, पाहुणीचा हात धरून म्हणाली, "अवो माय, हे तं आपलीच व्हय!" पाहुणीला ठाऊकच होतं. ती वाहक होती. तिचा धाकटा भाऊ याच आजाराने गेला होता, म्हणून ती या वाटेला आली. मी ते मराठीत सांगितलं. म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आजवर बोट टोचायला कुरकुरणारी माणसंसुद्धा रांगेत आली.

त्या रांगेत देवराम होता.

देवराम, त्याची बायको फुलवंता आणि त्यांची लेक काजल. काजल आमची जुनी पेशंट, तेव्हा सहावीत असेल. दुखणं आलं की ती ओठ आवळून भिंतीकडे तोंड करून पडायची, रडायची नाही. फुलवंता वाहक आहे हे बाळंतपणातच कळलं होतं. देवरामने मात्र कधी बोट दिलं नव्हतं. 'धान कापायचं आहे', 'बैल सुटला' अशी त्याची कारणं तयार असत. त्या दिवशी पाहुणीला बघून त्यालाही हुरूप आला. त्याने बोट दिलं. नळीमागच्या रेघा लख्ख दिसल्या.

"देवराम साफ!" बाई ओरडल्या.

बोलून झालं आणि त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. पण आमच्याआधी गावाच्या आलं. हा आजार मुलाला होतो तो आई-बाप दोघांकडून, हे गावाला कोणी शिकवलं होतं? बाईंनीच. वर्षानुवर्षं, त्याच समाजमंदिरासमोर, दोन्ही हात वर करून. "एका हातानं टाळी वाजत नाही! एक हात मायचा, एक बापाचा!" शेंबड्या पोरांनासुद्धा पाठ होतं.

मागून कोणीतरी फिदीफिदी हसत बोललं, "मंग बाई, टाळीचा दुसरा हात कोनाचा?"

फुलवंता काजलचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली, देवरामकडे बघितलं. देवरामने बघितलं नाही. तो बोटावरचा कापूस दाबत गर्दीतून निघून गेला.

बाईंनी तिथल्या तिथे चाचणी पुन्हा केली. साफ. त्याचं रक्त नागपूरच्या मोठ्या मशीनवर पाठवलं. तिथूनही आलं, दोष नाही. बाई सगळ्यांना सांगत सुटल्या की काहीतरी चुकतंय, मशीनलाही सगळं दिसत नाही. पण गावाला त्यांनीच नळीवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं, आणि गाव हुशार विद्यार्थ्यासारखं त्याला धरून बसलं. देवराम एक दिवस चौकात म्हणाला, "माही नाही थे पोरगी." त्या संध्याकाळी फुलवंता काजलला घेऊन माहेरी गेली, सालेकशाकडे, जंगलातल्या गावात. तिथून गोळ्या घ्यायला येणं जमेना. पुढच्या दुखण्यात काजलला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणावं लागलं. ती वाचली. पण असं किती वेळा वाचणार होती?

बाईंना मी तेव्हा पहिल्यांदा गप्प बघितलं. ते फार वेळ टिकलं नाही. एका सकाळी त्या पाणी न पिताच माझ्या टेबलाशी आल्या. "तिरोड्या, थे पोरगी देवरामचीच आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"फुलवंता म्हणते म्हणून." माझ्या तोंडावरचा भाव बघून त्या चिडल्या. "तुले पुरत नाही, गावाले पुरत नाही. तं आता जनुकच वाचू."

आणि इथे घोडं अडलं. तिकडच्या विद्यापीठाचा नियम असा की नमुन्यांवरची नावं काढून टाकायची, निकाल फक्त संशोधनासाठी. एकेका माणसाला त्याचा निकाल कळवायचा नाही. प्राध्यापक भले होते. समजावून सांगत होते की संशोधनातला निकाल पक्का नसतो, चुकीचा कळला तर माणसाचं नुकसान होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, चुकीच्या निकालाने काय नुकसान होतं हे मला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, ते मीच केलंय. पण निकाल परत येणार नसेल तर रक्तही जाणार नाही. एकाचंही नाही.

मी घाबरलो. बैठक संपल्यावर म्हटलं, "बाई, बाकीचं राहू द्या, या तिघांचं तरी पाठवू. तेवढं ते करतीलही."

"अन् बाकीचे?"

"बाकीच्यांचं नंतर बघू."

"पाळीजवळच्यानं भिजवून घ्यायचं, अन् शेवटच्यानं नंतर बघायचं? माह्या बापानं हेच शिकवलं का मले?"

"काजलचं काय मग? ती थांबेल?"

दुसऱ्या दिवसापासून दर आठवड्याला, न चुकता, सालेकशाच्या गाडीने त्या काजलच्या आजोळी जाऊ लागल्या. स्वतः गोळ्या नेत, रक्त तपासत, फुलवंताच्या आईच्या शिव्या खात. शिव्या रास्त आहेत म्हणत. परत आल्या की त्याच कॅनव्हासच्या बुटांनी बैठकीला बसत आणि तेच वाक्य तसंच म्हणत: निकाल परत आला पाहिजे. प्राध्यापक थकले, तिकडची समिती बदलली, कागद दिल्लीला जाऊन आले. बाई तिथेच. बाईंचं इंग्रजी उत्तम होतं, पण रागात त्यात आमची इकडची झाडी बोली घुसे. "कायले नाही? व्हाय, कायले?" असं एकदा त्या थेट प्राध्यापकांना म्हणाल्या.

शेवटी बोलली ती पाहुणी. ती म्हणाली, आमच्याकडेही बाया हेच विचारतात. रक्त नेता, मग सांगायला कोणी येत नाही. माझ्या आईने हेच विचारलं होतं. या गोंदियाच्या बाईंनी जे मागितलंय ते आम्हालाही हवं आहे. तिच्यामागोमाग इतर देशांचे लोक बोलले. करार नव्याने लिहिला गेला. ज्याला आपला निकाल हवा असेल त्याला तो मिळेल. आधी इकडच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून, मग त्याच्या भाषेत, समोर बसून. त्या दिवशी बाईंनी युनिटमध्ये सगळ्यांना पाणी पाजलं आणि स्वतः चहा प्यायल्या.

निकाल आला तेव्हा पाहुणीने आधी फोन केला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला नाही. तशी गरजही नव्हती, पलीकडचं प्रत्येक वाक्य त्या मोठ्याने परत म्हणत होत्या. काजलला आईकडून सिकलचं जनुक आलं होतं. आणि बापाकडून? देवरामच्या त्याच जनुकात वेगळा दोष होता, सिकलचा नव्हे. तो नळीतलं पाणी गढूळ करत नाही म्हणून चाचणीत दिसला नाही. मशीनवर दिसायला हवा होता, पण शेजारीच आणखी एक बारीक दोष होता, त्याने याला झाकून ठेवलं. एका चोराने दुसऱ्याला लपवावं तसं. आईचा एक आणि बापाचा एक मिळून पोरीत जो आजार झाला तो हुबेहूब सिकलसेलसारखा. इतका विरळा दोष बापात आणि लेकीत अगदी सारखा. इकडच्या प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं.

देवरामला बाईंनी युनिटमध्ये बोलावून सांगितलं. तो पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिला, प्यायला नाही. गावाला सांगू का, विचारल्यावर त्याने होकाराची मान डोलावली. मग आम्ही सालेकशाकडे गेलो. फुलवंता मोहाची फुलं वाळत घालत होती. ऐकून घेतलं, हात थांबवला नाही.

"मले कायले सांगता? मले माहीत होतं."

"गावाले सांगू का?" बाईंनी विचारलं.

"ओरडून सांगतलं होतं नं तुमी? मंग आता ओरडूनच सांगा. मी येतो तिथं."

ती आली. तेच समाजमंदिर, तीच माणसं. बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, टाळी दोन हातांचीच असते, पण दुसरा हात कोणता ते मला ओळखता आलं नाही. माझी नळी चुकली नाही, मी चुकले. जे नीट वाचलं नव्हतं ते मी ओरडून सांगितलं. काजल देवरामची आहे. मग त्यांनी गावासमोर फुलवंताच्या पायांना हात लावला. वयाने बाई तिच्या आईएवढ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

फुलवंताने त्यांना उठवलं नाही. ती गावाकडे बघत होती.

"आता मानलं तुमी," ती म्हणाली. "इंग्रजाच्या देशातून रगतानं सांगतलं तं मानलं. मी वर्सभर सांगत होती, तवा?"

देवराम पुढे झाला, तशी म्हणाली, "तुमी चौकात बोललात. चौकात या, अन् तिथं बोला. मंग घरी येतो." आणि लेकीचा हात धरून चौकाकडे चालू लागली. देवराम मागे गेला. तो तिथे काय बोलला ते मी ऐकलं नाही. बाईंनी मला जाऊ दिलं नाही. फुलवंता त्या रात्री आपल्या घरी झोपली एवढं खरं.

परत येताना जीपमध्ये बाई म्हणाल्या, "आता ओरडणं बंद."

म्हणणं सोपं होतं. पुढच्या शिबिरापासून निकाल ज्याचा त्याच्या कानात सांगायचा असं ठरलं. पण बाईंची कुजबुज दोन घरं पलीकडे ऐकू जाई. पहिल्याच माणसाला कानात 'तुह्यात आहे गा' म्हणाल्या आणि सगळी रांग त्याच्याकडे वळून बघायला लागली. मग त्यांनी तोडगा काढला. एकेका माणसाला घेऊन तलावाच्या पाळीवर जायचं, पार मध्यावर, आणि तिथे सांगायचं. ऐकायला फक्त पाणी. उन्हातान्हात, साठी उलटलेली ही बाई कॅनव्हासच्या बुटांनी पाळीवरून दिवसभर येरझारा घालायची. आम्ही म्हणायचो, एखादी खोली घ्या, खुर्ची टाकून बसा. म्हणायच्या, "खोलीचं दार बंद केलं का लोक दाराले कान लावतेत. पाळीवर दिसते सगळ्याले, ऐकू येत नाही कोनाले." देवरामच्या भाऊकीतली 'साफ' माणसं पुन्हा तपासली, तेव्हा तसाच दडलेला दोष आणखी काही जणांत निघाला. त्यांनाही पाळीवरच सांगितलं. त्यांची लग्नं जुळताना आता दोन्ही बाजूंची पुरती तपासणी होते. आणि टांझानियात पाहुणीने निकाल सांगायला गावाबाहेरचं एक आंब्याचं झाड धरलं आहे, असं तिने कळवलं.

बाई निवृत्त होऊन केशोरीकडे गेल्या. मागच्या उन्हाळ्यात काजलला बघायला पाहुणे येणार म्हणून फुलवंताने त्यांना बोलावलं, आणि त्यांच्याबरोबर मलाही. काजल आता कॉलेज संपवून गावच्या शाळेत शिकवते. गोळ्या चालू आहेत, दुखणं येतं, पण आटोक्यात असतं. मुलगा भंडाऱ्याकडचा, शांत. चहा झाला तशी काजल उठली. म्हणाली, "मी यांना पाळीवर घेऊन जातो." मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. फुलवंता म्हणाली, "जाऊ द्या."

आम्ही अंगणातून बघत होतो. पाळीच्या मध्यावर काजल थांबली. पिशवीतून बाटली काढून तिने मुलाला दिली, तो प्यायला. मग ती बोलत होती. तो ऐकत होता. बराच वेळ झाला. बाईंना बसवेना. त्या उठल्या, अंगणाच्या टोकाला गेल्या आणि बापाच्या आवाजात ओरडल्या, "काय म्हनते वो थोऽऽ?"

पलीकडच्या शेतात काम करणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. पाळीवर काजल वळली. तिने ओरडून उत्तर दिलं नाही. फक्त ओठांवर बोट ठेवलं.

बाई परत येऊन माझ्या शेजारी बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या कानाशी वाकून त्या हळूच म्हणाल्या, "बरोबर शिकली पोरगी. नाही सांगणार मले."

अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं.